यादी कुठं लागलीय? कोरोना काळातली शेतकरी मदत गावात कुणाला मिळाली, हे शोधायचं तर

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मी पुण्याहून गावी आलो आणि मग इथंच राहिलो. त्या उन्हाळ्यात बाजार बंद म्हणून टरबूज वावरातच सडलं, कापूस घरात पडून राहिला. पुढं सोयाबीन काढून गंजी लावल्या आणि परतीच्या पावसानं त्या जागेवर काळ्या पडल्या. वर्षभरात कास्तकारांच्या खात्यावर निरनिराळ्या नावांनी पैसे आले, काहींच्या आलेच नाहीत. पारावर मात्र एकच वाक्य ऐकू यायचं, "त्याला पडले, मग मला का नाही?"

हे वाक्य पारावरून उचलून कागदावर कसं न्यायचं, ते या लेखात आहे. गावच्या कारभारात पहिल्यांदाच लक्ष घालणाऱ्यांनी हा वाचावा. जुन्या जाणत्यांना यातलं बरंच माहीत असतं, पण ते सांगत बसत नाहीत.

आधी ठरवा, कोणते पैसे?

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. आमच्या गावात "कोरोनाचे पैसे" हा शब्द सर्रास चालतो, पण पासबुकावर कोरोना या नावाची एकही नोंद कुणी मला दाखवली नाही. त्या काळात आलेले पैसे साधारण असे होते.

पीएम किसान. ही योजना २०१९ पासूनची, वर्षाला ६००० रुपये, २००० च्या तीन हप्त्यांत. २६ मार्च २०२० ला केंद्रानं गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं, त्यात हा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच दिला. म्हणजे पैसा जुन्याच योजनेचा, फक्त लवकर आला. बायकांच्या जनधन खात्यावर ५०० रुपये तीन महिने आले, ते याच पॅकेजमधून. त्याचा शेतीशी संबंध नाही, पण पारावर हे दोन्ही एकत्र मोजले जातात आणि मग "तिला पस्तीसशे कसे आले" असे हिशोब सुरू होतात.

महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली, दोन लाखांपर्यंतचं थकलेलं पीक कर्ज. याद्या फेब्रुवारी २०२० मध्ये लागायला लागल्या आणि आधार प्रमाणीकरणासाठी अंगठे लावणं चालू असतानाच लॉकडाऊन आला. हा पैसा हातात येत नाही, कर्जखात्यात जमा होतो. त्यामुळे ज्याला मिळाला त्यालाही कधीकधी पत्ता नसतो.

अतिवृष्टीचं अनुदान. खरी भांडणं याचीच. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यानं दहा हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जिरायतीला हेक्टरी १०,००० आणि फळपिकाला २५,०००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, पुन्हा तसंच पॅकेज आलं. तेव्हा जिरायत १०,०००, बागायत १५,००० आणि बहुवार्षिक पिकं २५,००० असे दर होते.

पीकविमा याहून वेगळा. तिथं हप्ता भरलेला असतो आणि पैसे कंपनी देते. बीड जिल्ह्यात २०२० च्या खरिपापासून विम्याचं वेगळं सूत्र लागू झालं, तेच पुढं "बीड पॅटर्न" म्हणून गाजलं. विम्याचा हिशोब अनुदानात मिसळलात तर दोन्ही बिघडतात. हा लेख मुख्यतः अनुदानाबद्दल आहे.

एका वेळी एकच योजना आणि एकच हंगाम धरा. माहितीच्या अधिकारातला माझा पहिला अर्ज "कोरोना काळात आलेल्या सर्व मदतीची माहिती द्यावी" असा होता. उत्तर आलं, "माहितीचा अर्थबोध होत नाही." राग आला होता, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं.

घोषणा सोडा, जीआर काढा

टीव्हीवर मंत्री जे बोलतात त्यावर तहसीलमध्ये कुणी सही करत नाही. काम जीआरवर, म्हणजे शासन निर्णयावर चालतं. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय शोधता येतात. विभाग निवडताना "महसूल व वन" निवडा, मदत व पुनर्वसन त्यातच येतं. तारखेची मर्यादा घाला आणि "अतिवृष्टी" किंवा "शेतीपिकांचे नुकसान" हे शब्द टाका. प्रत्येक जीआरला लांबलचक संगणक सांकेतांक असतो, तो वहीत लिहून ठेवा. पुढं अर्जात तो लिहिला की समोरचा माणूस जरा सरळ बसतो.

जीआरमध्ये तीन गोष्टी बघायच्या. दर आणि मर्यादा ही पहिली. दुसरी म्हणजे शेवटी जोडलेलं विवरणपत्र, ज्यात जिल्ह्यानुसार किती निधी दिला ते असतं. तिसरी गोष्ट अटी. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं ही अट तिथंच असते, आणि मदतीच्या रकमेतून बँकेनं कर्जाची वसुली करू नये हेही बहुतेक वेळा तिथंच लिहिलेलं असतं. आमच्या शेजारच्या एका काकूंचं अनुदान बँकेनं होल्डवर टाकलं होतं. जीआरचं ते पान छापून नेलं, पिवळ्या पेनानं ओळ रंगवून. दुसऱ्या दिवशी पैसे मोकळे झाले. इतकं सोपं नेहमी होत नाही, पण त्या दिवशी झालं.

स्वतःच्या सातबाऱ्यापासून सुरुवात

दुसऱ्याचा हिशोब मागण्याआधी आपला लावा. सातबारा, ८-अ आणि पासबुक घ्या. ८-अ वर तुमच्या नावची गावातली सगळी जमीन एका जागी दिसते. समजा ती १ हेक्टर ६० आर आहे, म्हणजे चार एकर. २०२० च्या दरानं सगळंच क्षेत्र बाधित धरलं तर १६,००० रुपये. पासबुकात त्या पैशाची एकच नोंद शोधू नका. आमच्याकडे ते दोन हप्त्यांत आले, काही दिवाळीच्या आसपास आणि उरलेले नंतर. बारा एकरवाल्याला सुद्धा २०,००० च्या वर नाही, कारण मर्यादा दोन हेक्टरची.

आता पंचनाम्यात तुमचं क्षेत्र किती लिहिलं होतं? इथं बऱ्याच जणांची तक्रार मिटते. सातबाऱ्यावर चार एकर, पण पंचनाम्यात दोनच एकर बाधित, कारण उरलेल्यात तूर होती आणि ती बऱ्यापैकी उभी होती. पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. (आता या तिघांचीही पदनामं बदलली आहेत, ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी. अर्जात नवी नावं घाला, बोलताना जुनीच चालतात.) पंचनाम्यावर तुमची सही किंवा अंगठा असेल तर नक्कल मागायला कुणी आडकाठी करू नये.

जे उघडं आहे ते आधी बघून घ्या

पीएम किसानच्या संकेतस्थळावर गावनिहाय लाभार्थी यादी आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की नावं दिसतात. अर्ज नको, शुल्क नको. कर्जमुक्तीच्या याद्याही त्या वेळी बँकेत, सोसायटीत आणि ग्रामपंचायतीत लागल्या होत्या. आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ती यादी पावसाळ्यापर्यंत होती, मग भिजून गळून पडली. ज्यानं मोबाइलवर फोटो काढून ठेवला तो आज शहाणा ठरला. यादी लागली की फोटो काढा, तारखेसकट.

अतिवृष्टीच्या अनुदानाचं तसं नाही. २०२० मध्ये तलाठ्यानं एक्सेलमध्ये यादी करायची, तहसीलनं ती बँकेला पाठवायची, आणि बँकेनं खात्यात पैसे टाकायचे, अशी चाल होती. आता पंचनामे पोर्टलवर भरतात. शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण केलं की पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. म्हणजे नव्या अनुदानाची स्थिती तुमची तुम्हाला कळते, पण जुन्या याद्या तहसीलच्या कपाटात आहेत.

कपाट उघडायला एक सोपी वाट आहे, ती फार कुणी वापरत नाही. २०१८ च्या एका शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे आहेत. ग्रामपंचायत त्यात येते. सोमवारी सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस. तिथं गेलात की आधी पाणी मागा, मग नस्ती (फाइल) मागा. हे चेष्टेनं सांगत नाही. खुर्ची मिळाली की माणूस दोन तास बसू शकतो, उभ्यानं कुणी रजिस्टर वाचत नाही.

माहितीचा अर्ज

माहितीचा अधिकार २००५ चा. आपल्या राज्यात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही लागत नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडा. जोडपत्र 'अ' या ठरलेल्या नमुन्यात लिहा. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून कहाणी लिहू नका. कोणत्या टेबलाकडे काय, ते आधी बघा: अतिवृष्टीसाठी तहसील कार्यालय, पीएम किसानसाठी तालुका कृषी अधिकारी आणि तहसील दोघंही (योजना आधी महसूलकडे होती, मग कृषीकडे आली, त्यामुळे कागद दोन ठिकाणी विभागलेत), कर्जमुक्तीसाठी तालुक्याचे सहायक निबंधक. चुकीच्या टेबलावर गेला तरी कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

मजकूर मी असा लिहितो:

"विषय: ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीने बाधित शेतकऱ्यांना वाटप केलेले अनुदान, मौजे ______. कालावधी: १ ऑक्टोबर २०२० ते ३१ मार्च २०२१. तपशील: १) वरील गावाच्या बाधित शेतकऱ्यांच्या अंतिम यादीची प्रत, नाव, गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र व मंजूर रक्कम यासह. बँक खाते व आधार क्रमांक वगळावेत. २) बँकांना यादी व रक्कम पाठविल्याची पत्रे. ३) वाटप न होता परत आलेली किंवा शासनास समर्पित केलेली रक्कम. ४) वरील नस्तीचे अवलोकन करावयाचे आहे."

तिसरा मुद्दा कुणी विचारत नाही आणि खरी गंमत त्यात असते. खातं बंद, नावाची स्पेलिंग वेगळी, आयएफएससी चुकला, अशा कारणानं पैसे परत येतात. मला ज्या गावाची यादी मिळाली तिथं वंचितांपैकी बऱ्याच जणांचे पैसे असेच परत गेले होते. कुणी खाल्ले नव्हते. पारावर मात्र दोन वर्षं तलाठ्याच्या नावानं शिमगा चालला होता.

आणि बँक खातं, आधार वगळा हे तुम्हीच लिहून द्या. ते मागण्याचं तुम्हाला कारण नाही, आणि ती माहिती आहे या सबबीखाली सगळी यादी नाकारायची संधी समोरच्याला मिळत नाही.

मुदत ३० दिवस. पानाला दोन रुपये लागतात. मुदत उलटून माहिती दिली तर ती फुकट द्यावी लागते, कलम ७(६). अर्ज दिल्याची पोच घ्या, शिक्क्यासह. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरून चाला.

नाही म्हणाले तर

नकार बहुधा कलम ८(१)(ञ) चा, म्हणजे "वैयक्तिक माहिती" असा येतो. पूर्वी त्या कलमात सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली माहिती अशी भाषा होती. डेटा संरक्षण कायद्यानं ते कलम बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहिती सरसकट अपवादात गेली. माझ्या मते गावच्या माणसासाठी हा मोठा फटका आहे. पण दोन दरवाजे उघडे आहेत. कलम ४(१)(ख) प्रमाणे अनुदान कार्यक्रम कसा राबवला, किती रक्कम दिली आणि लाभार्थ्यांचा तपशील हे कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायचं आहे. आणि कलम ८(२) प्रमाणे लोकहित मोठं असेल तर अपवादातली माहितीही देता येते. अपिलात ही दोन्ही कलमं नावानिशी लिहा. तरीही अडलं तर नावं सोडा आणि गट क्रमांक, पीक, क्षेत्र, रक्कम एवढंच मागा. सातबारा ऑनलाइन उघडा आहे, पुढचं तुम्हाला कळतं.

पहिलं अपील ३० दिवसांत, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. तिथं नंबर लागायला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या अपिलाच्या सुनावणीला नक्की जा. अर्धी कामं त्या टेबलावर, समोरासमोर, चहावर होतात.

यादी हातात आली. आता घाई करू नका

या टप्प्यावर सगळ्यात जास्त नुकसान होतं. यादीचा फोटो गावच्या ग्रुपवर पडतो, कुणाच्या तरी नावाभोवती लाल गोल, आणि संध्याकाळी बांधावर हाणामारी. यादी वाचायला शिकेपर्यंत ती घरात ठेवा.

एका घरात तीन नावं दिसली तर लगेच बोगस म्हणू नका. अतिवृष्टीचं अनुदान जमिनीच्या खातेदाराला मिळतं. वाटणी होऊन तीन भावांचे तीन सातबारे झाले असतील तर २०२० च्या अनुदानात प्रत्येकाला दोन हेक्टरपर्यंत हक्क होता. पीएम किसानमध्ये मात्र कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (अठरा वर्षांखालची) मुलं. तिथं नवरा-बायको दोघांच्या नावावर पैसे आले तर प्रश्न विचारता येतो. आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी नोकर आणि महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शन घेणारे त्यात बसत नाहीत. अशांकडून वसुलीच्या नोटिसाही निघाल्या होत्या. आमच्या एका गुरुजींनी नोटीस यायच्या आधीच पैसे भरून पावती घेतली आणि ती पारावर सगळ्यांना दाखवली. त्यांच्या मागं अजूनही कुणी बोलत नाही.

मेलेल्या माणसाचं नाव दिसलं तर फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याची नोंद बघा. वारस लागला नसेल तर सातबाऱ्यावर तेच नाव असतं, यादी सातबाऱ्यावरून होते. पैसे कुणाच्या खात्यात गेले हा खरा प्रश्न. जमिनीचं खातं सामाईक असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र घेऊन एकाच्या बँक खात्यावर रक्कम टाकतात. अशा वेळी एकालाच सगळे पैसे गेलेले दिसतात आणि संमतीपत्राची प्रत मागितली की उलगडा होतो. बटईनं करणाऱ्याचं नाव यादीत नसणं ही चूक नाही, ते या पद्धतीतलं जुनं दुखणं आहे. कष्ट त्याचे, नुकसान त्याचं, अनुदान मालकाला. त्यावर माहितीच्या अर्जाचा उपाय नाही.

मग संशय घ्यायचा कशावर? गट क्रमांक गावच्या नकाशात नाहीच. तोच गट दोन नावांवर पूर्ण क्षेत्राचा लावलाय. बाधित क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त आहे. गायरानाचा गट कुणाच्या तरी नावावर चढलाय. एकच नाव दोन गावांच्या यादीत आहे. असं सापडलं तर मात्र थांबू नका. २०२५ मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टी अनुदानाच्या याद्यांत बोगस नावं घुसवल्याचं चौकशीत उघड झालं आणि तलाठ्यांना निलंबित केलं गेलं. तेव्हा यादी वाचणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं कुणी म्हणालं तर एवढं उदाहरण पुरे.

तपासताना दोन रकाने करा: ज्यांना मिळायला नको होते ते, आणि ज्यांना मिळायला हवे होते पण मिळाले नाहीत ते. दुसऱ्या रकान्यापासून काम सुरू करा. त्यात विधवा बायका, बाहेरगावी ऊसतोडीला गेलेली कुटुंबं आणि खातं बंद पडलेली म्हातारी माणसं असतात. पंचनाम्याच्या दिवशी ती घरी नव्हती एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांच्यासाठी तहसीलदाराकडे लेखी अर्ज, पंचनाम्याची आणि परत गेलेल्या रकमेच्या पानाची प्रत जोडून. हे काम केलं की गावात तुमच्याबद्दल मत बदलतं आणि पहिल्या रकान्याकडे वळताना पाठीशी चार माणसं असतात.

ती चार माणसं लागतातच. एकट्यानं अर्ज करू नका. आम्ही पाच जणांनी पाच अर्ज केले, वेगवेगळ्या गल्लीतले, वेगवेगळ्या पार्टीचे. धमकीचा फोन आला तर तारीख, वेळ लिहून पोलिसांत लेखी द्या. माहिती मागणाऱ्यांवर हल्ले झालेत आपल्या राज्यात, हे विसरून चालत नाही.

ग्रामसभेत मांडायचं

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. कोरोनात त्या पुढं ढकलल्या गेल्या होत्या आणि त्याच काळात हे सगळं वाटप झालं, म्हणून प्रश्न तुंबलेत. सभेच्या आधी विषय लेखी द्या. "आयत्या वेळच्या विषयात" टाकतो असं सांगतील, ऐकू नका. विषय एवढाच ठेवा: इथून पुढं कोणत्याही शेतकरी मदतीची यादी रक्कम वाटपाआधी सात दिवस ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि हरकती घ्याव्यात, अशी तहसील कार्यालयास विनंती. त्यात कुणाचं नाव नाही, त्यामुळे विरोध करायला कुणाला तोंड उरत नाही.

ठराव झाला की त्याच आठवड्यात नक्कल मागा. आमच्या वेळी मी महिनाभर थांबलो. वही उघडली तेव्हा सभा होती, उपस्थिती होती, चहापाण्याचा खर्च होता, आणि ठरावाच्या जागी पाण्याच्या टाकीची दुरुस्ती होती. पुढच्या सभेत पुन्हा मांडावा लागला. या वेळी मोबाइल समोर ठेवून, आवाज रेकॉर्ड करत.